थंड झोश्काच्या तीन दिवस आधी

“रोपांचं अंथरूण काढ, बोगुशा, आणि मग पांघरूण घाल. ऊन आहे तोवर. ऊन गेल्यावर घालशील तर नुसती थंडी झाकशील.”

आई हे दर वर्षी एकदा तरी म्हणायची आणि मी दर वर्षी ‘हो’ म्हणायचे. पांघरूण घालायचं ते ऐन थंडीच्या दिवसांत, हे कळत होतं. अंथरूण काढायचं म्हणजे काय, ते मात्र मी कधी विचारलं नाही. टार्न क्रीकच्या तिच्या वाफ्यात ती मुळी गवत अंथरायचीच नाही, त्यामुळे काढण्यासारखं तिथं काही नसायचंच. ते वाक्य तिच्याबरोबर पोलंडहून आलं होतं आणि इथं ते तिच्या ओठांवरच राहिलं होतं. मला तो तिचा विनोद वाटायचा. गारठ्यात कुणी कुणाच्या अंगाखालची गादी ओढून घेतं का?

जुलैत, म्हणजे इथल्या भर हिवाळ्यात, आई गेली. तिच्यामागे तिचा कोट, तिची जपमाळ आणि टोमॅटोच्या बियांचा एक पत्र्याचा डबा माझ्याकडे आला. त्या टोमॅटोला आमच्याकडे ‘रेड्याचं काळीज’ म्हणतात. ओबडधोबड, गुलाबी, एका फळात चार माणसांची कोशिंबीर होईल एवढा. मावशीनं कितीतरी वर्षांपूर्वी पोलंडहून पत्रातून बिया धाडल्या होत्या, वर्तमानपत्राच्या पट्टीवर चिकटवून वाळवलेल्या. तेव्हापासून आईनं ते वाण एकही वर्ष खंडू दिलं नव्हतं. मावशी आता नाही, तिच्या बागेत तिच्या सुनेनं मोटार उभी केली आहे. म्हणजे रेड्याचं काळीज उरलं ते आमच्याकडेच.

ऑगस्टमध्ये डबा उघडला तर आत उंदरांची लेंडकं आणि कागदाचा भुसा. दोऱ्याच्या रिळांच्या खणात एक पट्टी सापडली, आईनं कधीतरी विसरलेली. तिच्यावर एकोणीस बिया होत्या. उगवली चौदा. त्यानंतर रोज सकाळच्या प्रार्थनेत मी त्या चौदांची नावं घ्यायचे, म्हणजे नावं नव्हती त्यांना, पण मोजायचे.

आता माझी चूक सांगते. ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगणं खरं होणार नाही.

आमच्या घरचा नियम असा की थंड झोश्का गेल्याशिवाय टोमॅटो उघड्यावर लावायचा नाही. पांक्रात्सी, सेर्वात्सी आणि बोनिफात्सी हे तिघे संत म्हणजे थंड माळी. बारा, तेरा आणि चौदा तारखेला एकामागून एक येतात आणि बागांवरून बर्फाचा हात फिरवून जातात. पंधराला येते संत झोफिया, तीच थंड झोश्का. ती गेली की मोकळं. हे सगळं तिकडे मे महिन्यात. इथं मे म्हणजे पानगळ, टोमॅटो केव्हाच संपलेले. म्हणून आईनं ते चौघे उचलून नोव्हेंबरात आणले. त्या चार दिवसांत दिवस मावळेपर्यंत पाव आणि पाणी, एवढा नेम ती नोव्हेंबरात करायची. फादर एकदा तिला समजवायला गेले की बाई, पंचांगात त्यांचे दिवस मेमध्ये आहेत. आई म्हणाली, “फादर, ते वरून बघतात. पृथ्वी खालून उलटी आहे हे त्यांना कुणी सांगायला नको.”

पण टार्न क्रीकमध्ये बाकी सगळे टोमॅटो लावतात ते शो डेच्या, म्हणजे शेतकी जत्रेच्या सुट्टीला, ऑक्टोबरच्या शेवटी. तो नियम खाली समुद्राकाठच्या होबार्टचा. आमचं धरण आणि आमचं गाव तिथून उंचावर, डोंगरात. तिथला नियम इथं लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे बूट घालणं. तरी सगळे घालतात, कारण नाताळच्या जेवणात आपल्या बागेचा एक तरी लाल टोमॅटो असावा, ही इथली हौस. आमच्या शेजारीण मिसेस बँटिक, मर्ल बँटिक, यांना ते दोनदा जमलं होतं आणि त्या दोन्ही वेळांची आठवण त्या वर्षभर पुरवून पुरवून सांगायच्या.

शो डेच्या दिवशी त्या कुंपणावर कोपरं टेकून उभ्या होत्या.

“काय बोगी, अजून खिडकीतच का गं तुझी लेकरं? माना बघ कशा लांब झाल्यात. शाळेत घालायच्या वयाची झाली.”

“झोश्का होऊ दे,” मी म्हटलं.

“तुझी झोश्का येईपर्यंत माझ्यांना फुलं येतील.”

झेनेक, माझा नवरा, आतून म्हणाला, “लाव बाई. मला त्या खिडकीतून रस्ता दिसून दोन महिने झाले.”

मी लावली. मर्लच्या बोलण्यामुळे नव्हे आणि झेनेकच्या खिडकीमुळेही नव्हे. मलाही नाताळला ताटात एक लाल टोमॅटो हवा होता. तो गर्व होता, शनिवारी कबुलीजबाबात मी तो फादरांना सांगितला. त्यांनी तीन प्रार्थना सांगितल्या. रोपं परत उपटून कुंडीत लाव, असं काही ते म्हणाले नाहीत.

संध्याकाळी मर्लनं वाटाण्याच्या वाळक्या काडाचे दोन भारे कुंपणावरून टाकले. “पसर त्यांच्या अंगाखाली, चांगलं वीतभर. ऊब राहील.” शेजाऱ्याची देणगी, मी वीतभर पसरलं. पिवळ्या गादीवर चौदा रोपं फार शहाणी दिसत होती.

दोन आठवडे वारा होता. वारा आहे तोवर पांढरं, म्हणजे दहिवर, पडत नाही, हे इथं लहान मुलालाही माहीत असतं. बारा तारखेला, पांक्रात्सीच्या दिवशी, सकाळी अकराला वारा पडला. पडला म्हणजे दोरीवरचे कपडे हलायचे थांबले. आभाळात एक ढग नाही. मी पावाचा तुकडा खाल्ला, पाणी प्यायले आणि अंगणात येऊन उभी राहिले. 

बारा वाजता वीजघराचा भोंगा होतो. तो झाला की मी असेन तिथं गुडघे टेकून दुपारची प्रार्थना म्हणते, लग्नापासूनचा नेम आहे. त्या दिवशी मी वाफ्यांमधल्या पायवाटेवर होते. गुडघे टेकले आणि तोल सावरायला एक हात वाफ्यात घातला.

गुडघ्याखालची माती कोमट होती. मोज्यातून लागत होती, भाकरी काढून घेतलेल्या भट्टीच्या दगडासारखी. आणि हात गेला होता काडाच्या खाली. तिथली माती तळघरातल्या फरशीसारखी थंड.

प्रार्थना मी पुरी केली. घाई केली नाही, पण एक हात पायवाटेवर टेकला आणि दुसरा काडाखालीच राहू दिला. तेच ऊन, तीच माती, मध्ये हातभर अंतर. पायवाट दोन आठवडे ऊन पीत होती. वाफा उपाशी होता. काडानं मातीला दिवसा ऊन घेऊ दिलं नव्हतं आणि रात्री होतं नव्हतं तेही तिला वर सोडू दिलं नसतं. रोपं गादीवर उभी होती, आणि थोडीफार ऊब असलीच तर ती गादीखाली अडकलेली. वरून मी कितीही झाकलं असतं तरी थंडीच झाकली असती.

अंथरूण काढ आणि मग पांघरूण घाल. आई विनोद करत नव्हती.

मी तिथंच काड ओढायला लागले. रोजची तीनची जपमाळ त्या दिवशी सव्वाबाराला सुरू झाली, माळ खिशात आणि मोजणी बोटांवर. ओंजळीनं काड उचलायचं, मूळ दुखवायचं नाही, कुंपणाशी ढीग लावायचा. पाचव्या रोपापर्यंत मर्ल दारात आल्या.

“हे काय चाललंय?”

“आज रात्री पांढरं पडणार, मिसेस बँटिक.”

“ते मलाही दिसतंय. म्हणून तर विचारते. थंडीच्या दिवशी पोरांची गादी काढतेस? माझं काड आवडलं नव्हतं तर तसं सांगायचं होतं.”

“काड फार चांगलं आहे. झोश्का गेली की परत घालीन.”

“तेव्हा कुणाला घालशील?”

मी उठून कुंपणाशी गेले. “तुम्ही एकदा हात लावून बघा. आधी पायवाटेला, मग काडाखाली.”

त्यांनी हात लावला नाही. त्यांच्या बागेत तीन ओळी होत्या, बारा-बाराच्या. छत्तीस रोपं, सगळी काडावर. कच्च्या टोमॅटोचं त्यांचं लोणचं गावात प्रसिद्ध आहे, निम्म्या घरांतून त्यांच्याच बरण्या असतात. “मी आज सगळ्यांवर पोती घालणार आहे,” त्या म्हणाल्या. “खाली काड, वर पोतं. आणि तू बस उघड्या मातीवर माळ ओढत.”

“एक ओळ तरी मला द्या,” मी म्हटलं. मला वाद घालता येत नाही. आवाज चढवायला गेले की तो तुटतो, म्हणून मी मागून घेते. “एकच. कुंपणाजवळची. तिचं काड मी काढते, पाणी मी घालते. वर पोतं तुमचंच.”

“आणि मेली म्हणजे?”

“माझ्यातली बारा तुम्हाला देईन.”

हे तोंडातून गेलं आणि मग मी हिशेब केला. चौदांतली बारा. पण शब्द गेला होता.

 मर्लना माहीत होतं ती रोपं कसली आहेत. आईच्या दफनाला त्या चर्चच्या फाटकाबाहेर तासभर पावसात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत. मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या घरातल्या त्या, एकतीस वर्षांत आमच्या चर्चची पायरी त्यांनी लग्नाकार्यालाही चढली नव्हती.

“बरं,” त्या म्हणाल्या. “मग माझंही ऐक. तुझ्या हातची ओळ जगली आणि माझ्या दोन गेल्या, तर तुझ्या त्या झोश्काच्या दिवशी मी तुमच्या चर्चमध्ये येईन. टोपी घालून. पुढच्या बाकावर.”

“एवढं कशाला?”

“तू बारा रोपं पैजेला लावतेस, मग मी काय खोकला लावू?”

एक वाजेपर्यंत दोन्हीकडची माती उघडी झाली. मी झारीनं पाणी घातलं, पानांवर नाही, मातीवर, ती काळी होईपर्यंत. ओली माती ऊब धरून ठेवते. मग चार वाजेपर्यंत काही करायचं नव्हतं, आणि तेच सगळ्यात कठीण. आई असती तर म्हणाली असती, ऊन आपलं काम करतंय, तू त्याच्या मध्ये उभी राहू नकोस.

चार वाजता डोंगराची सावली धरणाच्या भिंतीवर आली. आता पांघरूण. मर्लची पोती मर्लपाशी. माझ्याकडे जुन्या चादरी होत्या, पण चादर एका पदराची, तिनं भागलं नसतं. घरात खरी ऊब एकाच गोष्टीत होती: आमची पिसांची दुलई. लग्नात आईनं दिलेली, हंसाच्या पिसांची, दोघांना पुरून उरेल अशी. पण ती जड. रोपांवर टाकली तर माना मोडतील आणि पान कापडाला टेकलं की तिथंच करपतं.

मी स्वयंपाकघरातल्या सहा खुर्च्या बाहेर काढल्या. रोपांच्या दोन्ही अंगांना तीन-तीन, पाठी बाहेर, बैठकी आत. दोन टोकांना इस्त्रीचा पाट आणि दिवाणखान्यातलं छोटं मेज. वर आधी चादरी, मग दुलई, कडा जमिनीला टेकवून त्यांवर विटा. जमिनीची ऊब बाजूंनी निसटू नये म्हणून फट राहिली तिथं माझा हिवाळी कोट कोंबला, आणि कोट कमी पडला तिथं आईचा.

झेनेक वीजघरातल्या पाळीवरून आला तो फाटकातच थांबला.

“पाहुणे कधी येणार?”

“कसले पाहुणे?”

“खुर्च्या मांडल्यास म्हणून विचारलं.” त्यानं वाकून दुलईचं टोक ओळखलं. “बोगुशा. ही आपली आहे.”

“हो.”

“मग आज आपण कशाखाली झोपायचं?”

“तुझा कोट आहे की.”

तो आत गेला, त्याला खुर्ची मिळाली नाही, बाहेर आला, दारातच उभ्यानं सूप प्यायला. मग म्हणाला, “त्या कोपऱ्यातून वारा शिरेल,” आणि स्वतःच्या कोटानं ती फट बुजवली. सूर्य गेल्यावर मीही माझं सूप उभ्यानंच प्यायले. पलीकडे मर्ल खिडकीतून आमच्याकडे बघत होत्या आणि हसत असाव्यात. पडदा हलत होता.

त्या रात्री आम्ही दोघांनी पडदे पांघरले. झोप कितपत लागली ते सांगण्यासारखं नाही.

पहाटे उठले तेव्हा बादलीतल्या पाण्यावर बोटभर जाड बर्फ होता. अंगण पांढरं, कुंपण पांढरं, दोरीवर विसरलेला टॉवेल लाकडाच्या फळीसारखा उभा. दुलईवर दहिवर जमलं होतं, साखर सांडावी तसं. हात लावायचा मोह होत होता. पण ऊन वर येईपर्यंत उघडायचं नाही, उबेतून एकदम गारठ्यात काढलं तर रोप घाबरतं. मी सकाळची प्रार्थना तिथंच म्हटली. मोजायचा भाग आला तेव्हा मी ‘चौदा’ म्हणाले आणि पुढे गेले.

सात वाजता ऊन वाफ्यावर आलं. झेनेकनं एक टोक धरलं, मी दुसरं. दुलई उचलली तशी खालून वाफ आली, खरोखरची, तोंडावर लागली. ओल्या मातीचा आणि टोमॅटोच्या पानांचा वास.

“मोज,” झेनेक म्हणाला.

मी मोजली. मग त्यानं मोजली, कारण माझ्या मोजणीवर माझाच विश्वास बसेना. चौदा उभी. एकाच्या शेंड्याचं पान चादरीला टेकलं होतं, तेवढं काळं झालं होतं. बाकी सगळी हिरवी, ताठ, काल ठेवली तशी. झेनेकनं टोपी काढली. तो चर्चमध्ये काढतो त्याहून सावकाश काढली.

मी चिखलातच बसले आणि हसू लागले. मला मोठ्यानं हसताना त्यानं फारसं कधी ऐकलं नव्हतं. तोही हसायला लागला. मग एक खुर्ची ओढून त्यावर बसला, वाफ्याच्या मधोमध, राजासारखा, म्हणाला, “आता इथंच चहा दे.” त्याला चहा दिला. मी पाणी प्यायले. सेर्वात्सीचा दिवस लागला होता.

मर्ल पोती काढत होत्या. आम्ही ते ऐकत होतो: एक पोतं, दुसरं पोतं. 

“बोगी,” त्यांनी हाक मारली. “ये इकडे.”

मी गेले. दोन ओळी गेल्या होत्या. चोवीस रोपं उकडलेल्या पालकासारखी, काळपट, काडावर लोळत होती. कापड तेच, रात्र तीच. कुंपणाजवळची तिसरी ओळ, उघड्या मातीवरची, सगळीच्या सगळी बारा, वर मान करून उभी होती. तिन्ही ओळी एकाच नजरेत दिसत होत्या. 

मर्लनं हातमोजा काढला. आधी पायवाटेला हात लावला. मग काडाखाली घातला आणि तिथंच ठेवला.

“तीस वर्षं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षं मी यांना बर्फाच्या लादीवर निजवते आहे, आणि वर म्हणते ऊब राहील.”

“मीही निजवली होती. दोन आठवडे.”

“कुणी सांगितलं तुला?”

“आईनं. मीच उशिरा ऐकलं.”

“माझ्या आईनं मला फक्त लोणचं शिकवलं.” त्यांनी काळ्या ओळींकडे बघून नाक ओढलं. “आता बारा रोपांत गाव कसं जेवणार? लोक माझ्या दारात बरण्या आपटतील.”

“पानांच्या बगलेतल्या फुटी काढून पाण्यात ठेवल्या तर मुळं धरतात,” मी म्हटलं. “माझ्या चौदांच्या देते. नाताळपर्यंत तुमच्या दोन ओळी भरतील. लाल व्हायला वेळ मिळणार नाही, पण तुम्हाला तर कच्चेच लागतात.”

“रेड्याच्या काळजाचं लोणचं?”

“एका फळात एक बरणी होईल.”

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी माझ्या डोक्यावरचं काड काढून खाली टाकलं. आणि मला तेव्हा उमगलं की हे वाण आता दोन बागांत जाणार. या घरात उंदीर शिरले तरी त्या घरात राहील. एक वर्ष चुकलं तर दुसरीकडून मागता येईल. आईच्या डब्यात ते कधीच इतकं सुरक्षित नव्हतं.

त्या दिवशी दुपारी भोंगा झाल्यावर मर्लच्या बागेतूनही काड ओढल्याचा आवाज येत होता. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या आणखी तीन घरांनी अंथरुणं काढली. खालच्या गल्लीतली दोन माणसं हात लावून बघायला आली, पायवाटेला आणि काडाखाली, आणि झेनेक त्यांना दाखवत होता, जणू ते त्यानंच शोधून काढलं होतं.  सेर्वात्सी नरमच गेला. बोनिफात्सीच्या रात्री ढग आले. आम्ही दुलईखाली झोपलो.

पंधरा तारखेला झोश्का. माझा नेम असा की आठ वाजता चर्चमध्ये जाऊन तिच्या नावानं एक मेणबत्ती लावायची. त्या दिवशी मिस्साची सामूहिक प्रार्थना नसते, फादरही नसतात, दार नुसतं उघडं असतं. मर्लला मी आठवण करून दिली नव्हती. बोलण्याच्या भरात माणूस बोलतो; ते परत मागणं बरं नव्हे.

साडेसातला मी खिडकीत कप विसळत होते. पलीकडचं दार उघडलं. मर्ल बाहेर आल्या, निळी टोपी घातलेली, पांढरे हातमोजे. पायरीवर थांबून त्यांनी टोपीची पिन चाचपली. आमच्या घराकडे त्यांनी पाहिलं नाही. फाटकाची कडी वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी हळूच लावली आणि चर्चच्या चढाला लागल्या, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेनं.